डोमकळीचे पान कसे सापडते? (यंत्र आणि आपली भाषा : लेखांक ६)

‘‘पऱ्हाटीचं फूल उमलूनच नाही राहिलं, आत अळी हाय, का करू?’’ यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर किंवा मारेगाव तालुक्यातला शेतकरी असे विचारतो. त्याचे उत्तर ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ अशा मथळ्याच्या पत्रकात असते, आणि आत त्या न उमललेल्या फुलाला ‘डोमकळी’ म्हटलेले असते. प्रश्न आणि मथळा यांत एकही शब्द जसाच्या तसा समान नाही. शब्दाला शब्द लावून पाहणारा शोध इथे हमखास चुकतो.

गेल्या आठवड्यात आपण एकेका शब्दाचे आकडे कसे होतात ते पाहिले. आता अख्खे वाक्य घेऊ. गुगलच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेले लॅब्से हे मॉडेल १०९ भाषांतली वाक्ये घेते आणि लांबी कितीही असो, प्रत्येकासाठी ७६८ आकड्यांची एक यादी देते. या यादीलाच एम्बेडिंग म्हणतात. लॅब्सेला शिकवताना एकमेकांचा अनुवाद असलेल्या वाक्यांच्या सुमारे ६ अब्ज जोड्या वापरल्या. जोडीतल्या वाक्यांच्या याद्या एकमेकींजवळ आणायच्या आणि बाकीच्यांपासून दूर ठेवायच्या, हा मुख्य सराव. त्यातून मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी अशा भाषांतली एकाच अर्थाची वाक्ये शेजारी येऊन बसतात. दोन याद्या म्हणजे एकाच बिंदूतून निघालेले दोन बाण मानले, तर त्यांच्यातला कोन जितका लहान तितका अर्थ जवळचा.

यवतमाळला याचा थेट उपयोग आहे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत हेच पीक आणि हीच अळी आहे, पण तिथला सल्ला तेलुगूत. किसान कॉल सेंटर २००४ पासून १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर शेतकऱ्यांचे प्रश्न घेते, त्यांच्या नोंदी जिल्हा आणि पिकासह सरकार खुल्या करते, पण त्यांतले प्रश्न बहुतेक इंग्रजीत टिपलेले. मराठीत विचारून या दोन्ही साठ्यांत शोधता येणे ही मोठी सोय आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसह भारतीय भाषांसाठी अशी मॉडेल्स खुली केली आहेत, तीही आवर्जून तपासावीत.

वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टच्या बहुभाषिक ई-फाइव्ह मॉडेलमध्ये प्रश्नाआधी ‘क्वेरी’ आणि मजकुराआधी ‘पॅसेज’ हा शब्द इंग्रजीत लिहावा लागतो. तो राहिला की निकाल घसरतो. त्याचे जुळणीचे गुण बहुधा ०.७ ते १ यांतच पडतात. त्यामुळे ०.८ आले म्हणजे ८० टक्के जुळले, असा अर्थ काढू नये. कोणता उतारा वर आला आणि कोणता खाली, एवढेच पाहावे. हे मॉडेल एका वेळी शब्दांचे जास्तीत जास्त ५१२ तुकडे (टोकन) वाचते आणि पुढचा मजकूर सोडून देते. म्हणून पत्रक परिच्छेदांत कापावे, आणि पिकाचे व किडीचे नाव प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर लिहावे.

या पद्धतीचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. ‘फवारणी करा’ आणि ‘फवारणी करू नका’ या दोन वाक्यांचे आकडे पुष्कळदा अगदी जवळ येतात, कारण विषय एकच आहे. ‘२ मिली’ आणि ‘२० मिली’ यांतले अंतरही या मॉडेलना नीट कळत नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या जिल्ह्याने हे सोसले, तिथे अर्थाच्या जवळिकीवर औषधाची मात्रा सोपवणे मला मान्य नाही. जुने पत्रकही प्रश्नाशी उत्तम जुळू शकते. त्यात मोनोक्रोटोफॉस सुचवलेले असेल, तर मॉडेलला त्याचे काहीच वाटणार नाही. त्या औषधाच्या ३६ टक्के एसएल प्रकारावर केंद्राने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला, हे त्या आकड्यांत कुठेच नाही.

म्हणून पत्रकाची तारीख, पीक, कीड, औषध आणि मात्रा वेगळ्या रकान्यांत ठेवावीत आणि कालबाह्य पत्रके शोधाआधीच गाळावीत. उरलेल्यांतून एम्बेडिंगने वीस-पंचवीस उतारे निवडावेत आणि प्रश्न व उतारा एकत्र वाचणाऱ्या दुसऱ्या मॉडेलकडून त्यांचा क्रम लावून घ्यावा. मात्रा शेतकऱ्यापर्यंत जाण्याआधी ती कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे. ‘दर सापळ्यात रोज ८ पतंग, सलग ३ दिवस’ हा बोंडअळीचा इशारा आकड्यांचा आहे. तो रकान्यातूनच यावा.

राहिला कोलामांच्या कोलामी भाषेचा प्रश्न. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, आणि यवतमाळ हा त्यांचा मोठा वस्तीचा जिल्हा. लॅब्सेच्या १०९ भाषांत कोलामी नाही. तरीही देवनागरीत लिहिलेले कोलामी वाक्य दिले, तर मॉडेल ७६८ आकडे देतेच. ‘मला ही भाषा येत नाही’ असे ते सांगत नाही. शोधयंत्र त्या आकड्यांवरून कुठला तरी उतारा वर आणते, आणि तो बरोबर असल्यासारखा दिसतो. यावर उपाय अनुवादाच्या जोड्यांचाच. गोंडीसाठी सीजीनेट स्वर आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया यांनी बोलणाऱ्यांकडूनच हिंदी-गोंडी वाक्ये जमा केली. कोलामीसाठी सुरुवात पीक, पाणी, ताप आणि फवारणी यांवरच्या वाक्यांपासून व्हावी, आणि ती पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीतल्या, माणसांकडून, त्यांना मोबदला देऊन लिहून घ्यावीत.