सूर्यामागे फिरणारं पॅनेल थंडीत किती कामाचं?

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर तुमच्या बॅचमध्ये एका तरी ग्रुपने हा प्रोजेक्ट घेतलेला असतोच. एक छोटं सोलर पॅनेल, दोन-चार एलडीआर, अर्डुइनोचा बोर्ड आणि एक सर्व्हो मोटार. टॉर्च डावीकडे नेला की पॅनेल डावीकडे वळतं, उजवीकडे नेला की उजवीकडे. सगळे खूश! रिपोर्टमध्ये ‘कार्यक्षमतेत वाढ’ असं लिहायचं आणि विषय संपला. पण व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘हे बसवणार कुठे?’ तर?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो समजून घ्यायला अमेरिकेतल्या अलास्का राज्यात, फेअरबँक्सला जाऊया. सुमारे 65 अंश उत्तर अक्षांशावरचं हे शहर. हिवाळ्यात इथे पारा कधी कधी उणे 40 अंशांपर्यंत जातो.

थंडी पॅनेलच्या बाजूची

‘एवढ्या थंडीत सोलर कसलं चालणार?’ हा पहिला गैरसमज. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनचा सेल तापला की त्याचं व्होल्टेज घटतं. पॅनेलवर छापलेले वॅट सेलचं तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशामागे साधारण 0.35 टक्के ताकद कमी होते. म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरच्या गच्चीवर सेल 65 अंशांपर्यंत तापला, तर 400 वॅटचं पॅनेल कडक उन्हातही 344 वॅटवर येतं. तेच पॅनेल तेवढ्याच उन्हात पण शून्य अंशावर असेल, तर 435 वॅट देऊ शकतं.

अर्थात थंडीचाही हिशोब ठेवावा लागतो. उणे 40 अंशांच्या सकाळी पॅनेलच्या मालिकेचं व्होल्टेज छापील आकड्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने वाढू शकतं. डिझाइन करताना हे विसरलं, तर इन्व्हर्टर जळू शकतो.

सूर्य असतो कुठे?

आता ट्रॅकरकडे येऊ. एका अक्षाचा ट्रॅकर पॅनेलला सकाळी पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे वळवतो. दोन अक्षांचा ट्रॅकर सूर्याच्या उंचीप्रमाणे पॅनेलचा तिरकेपणाही बदलतो.

फेअरबँक्सला 21 जूनच्या सुमारास सूर्य जवळपास 22 तास आकाशात असतो. तो ईशान्येच्याही पलीकडे उगवतो, अख्ख्या आकाशाला वळसा घालतो आणि वायव्येच्या पलीकडे मावळतो. दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या स्थिर पॅनेलच्या तो कितीतरी तास चक्क पाठीमागे असतो. इथे ट्रॅकर आपली करामत दाखवतो. आकाश मोकळं असेल तर उन्हाळ्यात स्थिर पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त वीज मिळते.

डिसेंबरमध्ये मात्र चित्र पालटतं. 21 तारखेला दिवस चार तासांचाही नसतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येतो. इतक्या खालच्या उन्हात दोन मीटर उंच खांबाची सावली 50 मीटरहून लांब पडते. समोर झाड असो, टेकडी असो की पुढच्या रांगेतला दुसरा ट्रॅकर, सगळेच आडवे येतात. त्यातून ढगाळ दिवस असेल तर प्रकाश आभाळभर पसरलेला असतो, मग एकाच दिशेला वळण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अडचण अशी, की विजेची आणि उबेची खरी निकड याच दिवसांत असते. अलास्कातली अनेक दूरची गावं डिझेल जनरेटरवर चालतात. तिथलं डिझेल उन्हाळ्यात नदीमार्गे किंवा विमानाने आणून साठवावं लागतं. ट्रॅकर जूनमध्ये भरपूर जादा वीज देतो, पण डिसेंबरचं डिझेल त्याने फारसं वाचत नाही.

ग्रीस घट्ट, जमीन फुगलेली

शिवाय ट्रॅकर म्हणजे यंत्र. कडाक्याच्या थंडीत साधं ग्रीस घट्ट होतं, गिअरमध्ये बर्फ अडकतो, मोटारीवर ताण येतो. जमिनीतलं पाणी गोठलं की जमीन फुगते आणि खांब वर ढकलते. खांब वाकला की ट्रॅकरचा नेम चुकतो. शहरात मेकॅनिक येईल. रस्ताच नसलेल्या गावात त्याला विमानाने बोलवावं लागलं, तर जादा विजेची कमाई एका फेरीतच संपेल.

मग करायचं काय?

पॅनेलच्या किमती गेल्या दीड-दोन दशकांत प्रचंड उतरल्या. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ट्रॅकरवरच्या खर्चात आणखी पॅनेल घेणं सोपं पडतं. दुसरा उपाय हातानेच करायचा: वर्षातून दोन-तीनदा पॅनेलचा तिरकेपणा बदलायचा. हिवाळ्यात ते जास्त उभं केलं की त्यावरचा बर्फही घसरून पडतो.

तिसरा उपाय सगळ्यात मजेशीर. दोन्ही बाजूंनी वीज बनवणारं पॅनेल कुंपणासारखं सरळ उभं करायचं, एक तोंड पूर्वेला, दुसरं पश्चिमेला. सकाळचं ऊन एका बाजूने, संध्याकाळचं दुसऱ्या बाजूने, आणि मोटार एकही नाही! ताजा बर्फ त्याच्यावर पडलेला 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, तोही पॅनेलला मिळतो. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्समधल्या संशोधकांनी अशा उभ्या पॅनेलचा प्रत्यक्ष अभ्यास केला आहे. मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठे, हवा थंड आणि जमिनीवर बर्फ असतो. या पॅनेलसाठी हा चांगला हंगाम.

म्हणजे ट्रॅकर वाईट का? मुळीच नाही. वाळवंटातल्या मोठ्या सोलर प्रकल्पांत एका अक्षाचे ट्रॅकर सर्रास वापरतात. तिथे आकाश बहुतेक मोकळं असतं, दुरुस्तीची माणसंही हाताशी असतात.

तेव्हा प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये ‘वर्षाला इतके टक्के वाढ’ एवढंच लिहून थांबू नका. बारा महिन्यांचा तक्ता करा. एका रकान्यात मिळणारी वीज लिहा, शेजारी लागणारी. तिसऱ्यात ट्रॅकरच्या पैशांत आणखी किती पॅनेल आली असती ते लिहा. मग सर ‘कुठे बसवणार?’ म्हणाले, की तक्ताच पुढे करा.