गव्हर्नर आणि उरलेली तूट

जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि झडप मिटू लागते. वेग घटला की उलट. हाच फीडबॅक. भार वाढल्यावर मात्र इंजिन मूळ वेगावर परतत नाही. झडप जास्त उघडी राहायची तर गोळे खाली राहायला हवेत, म्हणजेच वेग थोडा कमीच हवा! ही कायम उरणारी तूट म्हणजे स्थिरावस्थेतील त्रुटी. गव्हर्नर अधिक संवेदनशील केला तर ती घटते, पण इंजिनाचा वेग हेलकावे खाऊ लागतो. या स्थैर्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. तूट पूर्ण मिटवायला इंटिग्रल नियंत्रण लागते: त्रुटी शून्य होईपर्यंत ते झडप हलवत राहते.