दोन चिप, एकच नाव

गावी गेलो की काका हमखास विचारतात, "अमेरिकेत तू नेमकं करतोस तरी काय रे?" आजवर मी "कॉम्प्युटरचं काम" एवढं सांगून वेळ मारून नेत आलो. पण मध्यंतरी एक प्रसंग असा घडला, की तो त्यांना नीट समजावून सांगावासा वाटला.

मी ओरेगन राज्यात राहतो. आमची कंपनी लशी ठेवण्याच्या फ्रिजचे कंट्रोलर बनवते. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. कंट्रोलरच्या आत लिनक्स चालतं. हेलसिंकीत शिकत असताना लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं, तेच हे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. कुठलंही उपकरण जोडलं की कर्नल त्याची आपल्या वहीत नोंद करतो. नोंद झाली नाही, तर उपकरण असून नसल्यासारखंच.

नव्या बोर्डवर आम्ही तापमान मोजणारी दुसरी चिप बसवली. पहिली दगा दिली तर आधार म्हणून. बोर्ड सुरू केला आणि कर्नलने तक्रार केली: या नावाची नोंद आधीच आहे, एरर उणे १७. जुना ड्रायव्हर लिहिणाऱ्याने चिप एकच असणार हे गृहीत धरून नाव कायमचं ठरवून टाकलं होतं. दोन्ही चिपचे पत्ते वेगळे, पण वहीत नाव एकच.

पुण्याच्या ऑफिसातल्या नव्या सहकारी मुलीने दुरुस्तीचा पॅच पाठवला. तिचा पहिलाच. जेमतेम पाच ओळी: "नाव आधीच असेल तर एरर समजू नये, पुढे जावं." तक्रार गायब, स्क्रीनवर दोन्ही चिपपुढे "ठीक". शुक्रवारी सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं. बुधवारी रात्री नऊला मी "रिव्ह्यूड-बाय" लिहून खाली नावही टाकलं होतं. याचा अर्थ हमी असा नाही. पण मी हे तपासलंय आणि माझ्या माहितीत यात गंभीर दोष उरलेला नाही, असं आपल्या नावानिशी सांगणं असतं ते.

पाठवायच्या आधी मला आमचा सहावीचा वर्ग आठवला. एकाच नावा-आडनावाची दोन मुलं होती. हजेरी घेताना पहिला "हजर" म्हणाला की मास्तर पुढे जायचे. दुसरा आठवडाभर शेतावर होता, कुणाला पत्ताच नाही!

पुण्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी फोन लावला. "दुसऱ्या चिपवर जरा बोट ठेवून बघ. आकडा वाढतोय का?"

थोडा वेळ शांतता. मग हळूच, "नाही सर. तिचा आकडाच कुठे दिसत नाहीये." नोंद न होताच ड्रायव्हर "झालं" म्हणून मोकळा झाला होता. पहिली चिप बंद पडली असती, तर आधाराची चिप मुकीच राहिली असती आणि स्क्रीन मात्र "ठीक"च म्हणत राहिला असता.

"सॉरी सर," ती म्हणाली. मी म्हटलं, "सॉरी काय त्यात? मीही सही करायलाच बसलो होतो. आणि सर नको म्हणू गं."

खरा उपाय कर्नलमध्येच आहे. "प्लॅटफॉर्म डेव्हआयडी ऑटो" असं सांगितलं की तो प्रत्येक नोंदीला आपणहून वेगळा क्रमांक जोडतो. पण त्यातही मेख होती. नाव बदललं की जुन्या नावाने तापमान वाचणारा आमचा अलार्मचा प्रोग्राम आंधळा होणार. कर्नलमधल्या बदलामुळे लोकांचे चालू प्रोग्राम मोडता कामा नयेत, हा टोरवाल्ड्स यांचा आग्रह का असतो, ते असं अंगावर आलं की कळतं. शिवाय हे क्रमांक येईल त्या क्रमाने मिळतात, त्यावरून कोणती चिप कोणती हे ठरवता येत नाही. म्हणून अलार्मला आम्ही क्रमांकाऐवजी मूळ चिपचा पत्ता बघायला शिकवलं. कर्नलच्या भाषेत त्या मूळ उपकरणाला "पॅरेंट" म्हणतात. आमच्या मास्तरांनीही शेवटी तेच केलं होतं, दोघांना वडिलांच्या नावासकट हाक मारायला लागले!

शुक्रवार हुकला. मॅनेजरची नाराजी झेलली. सोमवारी तिचा नवा पॅच आला. सोबत निरोप: "बोट ठेवलं, दुसऱ्या चिपचा आकडा २७ वरून ३१ झाला. पहिलीचा तसाच." मग मी नाव लिहिलं.

रविवारी काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एवढं शिकून तू तिकडं हजेरीच घेतोस की!"

बरोबर आहे त्यांचं.