चूक पकडणारा जादा अंक

भारतीय पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. नाव, फोटो आणि जन्मतारीख नंतर पासपोर्ट कार्यालयात चढते. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या मुलांना कोडिंग थिअरी, म्हणजे माहितीतल्या चुका पकडण्याचे शास्त्र, शिकवायची, तर पहिला तास या ओळींवर घ्यावा, असे माझे मत आहे. सहसा विषय मॅट्रिक्सने सुरू होतो. मुले गुणाकारात तरबेज होतात आणि चूक नेमकी सापडते कशी, ते राहून जाते.

दुसऱ्या ओळीत जन्मतारखेला लागून एक जादा अंक असतो. १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख तिथे ४७०८१५ अशी येते. अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा: २८, २१, ०, ५६, ३, ५. बेरीज ११३, एकक स्थानचा ३ हा तपास-अंक. कोणताही एक अंक चुकला की हा ३ जुळत नाही, कारण ७, ३ आणि १ यांचा १० शी १ खेरीज सामाईक विभाजक नाही. गुणक २ किंवा ५ असता, तर काही चुका बेरजेत जिरल्या असत्या.

पण टाइप करताना आपण शेजारचे अंक उलटेही करतो. जन्मसाल १९६१ ऐवजी १९१६, म्हणजे ६१ चे १६ झाले तर? ६ × ७ + १ × ३ = ४५ आणि १ × ७ + ६ × ३ = २५. दोन्हीकडे शेवटी ५! माणूस एकदम ४५ वर्षांनी म्हातारा होतो आणि यंत्राला पत्ता नाही. गुणकांमधले फरक ४, २ आणि ६, म्हणजे सगळे सम. त्यामुळे ५ चा फरक असलेली कुठलीही जोडी अशीच निसटते. ओळीच्या टोकाचा एकत्रित तपास-अंकही याच गुणकांचा, तेव्हा तोही गप्प.

आधारमध्ये ही फट बुजवलेली आहे. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यातला बारावा अंक डच गणिती याकोबस व्हरहूफ यांच्या १९६९ च्या रीतीने काढतात. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच येते, म्हणून व्हरहूफ यांनी साधी बेरीजच सोडली. नियमित पंचकोन स्वतःवर चपखल बसवण्याच्या दहा तऱ्हा आहेत: पाच फिरवण्याच्या, पाच उलटवण्याच्या. दहा अंकांना दहा तऱ्हा. आधी फिरवून मग उलटवले, की आधी उलटवून मग फिरवले, यावर पंचकोन कसा बसणार ते ठरते. त्याला जागेनुसार अंक बदलण्याची जोड दिली, की एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते.

तरी ‘चुकले’ एवढेच कळते. कुठे, ते नाही. तो पल्ला बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये गाठला. चार बिटांना तीन तपास-बिट जोडले. तीन तपासण्यांचे निकाल आठ प्रकारे लागू शकतात: एक ‘सगळे ठीक’, उरलेले सात सांगतात सातांपैकी कुठला बिट बिघडला. बिट ० नाही तर १. उलटवला की काम झाले.

जास्त चुका दुरुस्त करायच्या, तर तपास-बिटांसह तयार झालेले संकेत एकमेकांपासून जास्त ठिकाणी वेगळे हवेत. मॅट्रिक्स आणायची ती इथे, आणि शरदचंद्र श्रीखंडे यांचे नावही. नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले श्रीखंडे १९५९ मध्ये गणिती बोस आणि पार्कर यांच्यासह लॅटिन चौरसांबद्दलचा ऑयलरचा अंदाज खोडल्यामुळे गाजले. त्याच वर्षी बोस-श्रीखंडे यांनी हॅडामार्ड मॅट्रिक्स आणि संकेत यांचे नाते मांडले. या मॅट्रिक्समध्ये फक्त +१ आणि −१ असतात आणि कुठल्याही दोन ओळी बरोबर निम्म्या जागी जुळतात. १९७१ मध्ये मरिनर ९ यानाने मंगळाची छायाचित्रे याच जातीच्या कोडमधून पाठवली: एका ठिपक्याच्या ६ बिटांसाठी ३२ बिट. त्यातले कोणतेही ७ वाटेत बिघडले, तरी ठिपक्याची मूळ छटा पृथ्वीवर काढता येई.