तिकडे ‘कॉर्व्हेट’ आली, इकडे ‘शेव्हर्ले’ गेली

खास प्रतिनिधी, अंबरनाथ

उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे लिहिलेले असते आणि त्यातील ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये इतका जुना झाला आहे की, आता तो सांगणाराही हसत नाही. याच उल्हासनगरच्या बाजारात किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या स्थानकांबाहेर खेळण्यांच्या दुकानापाशी घटकाभर थांबले, तर छोट्या मोटारींच्या ढिगात एखादी लांब नाकाची, बसकी, दोन दारांची मोटार सापडण्याची शक्यता बरीच असते. ती ‘शेव्हर्ले कॉर्व्हेट’. अमेरिकेत १९६८ साली ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातील मोटारींचा पहिला संच निघाला, तेव्हा त्यातील सोळा मोटारींमध्येही ती होती. आपल्यापैकी बहुतेकांची या मोटारीशी असलेली ओळख मात्र मुठीत मावेल एवढ्या आकारापुरतीच राहिली. खरी कॉर्व्हेट भारतातील रस्त्यांवर क्वचितच कोणी पाहिली असेल.

वास्तविक शेव्हर्ले मुंबईला परकी नव्हती. अंबरनाथ-बदलापूरहून निघून कुर्ल्याला गाडी बदलली की ज्या शिवडीला पोहोचता येते, तेथे ‘जनरल मोटर्स’ या अमेरिकी कंपनीने १९२८ साली मोटारी जुळविण्याचा कारखाना थाटला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीने बंदरात उतरत. सांगाडा, इंजिन, चाके, दारे असे एकेक करून ते शिवडीत जोडले जात आणि तयार मोटार कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडे. १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर असे नामकरण झाले, तेव्हाही शिवडीतील हे काम सुरूच होते. पुढे पाच वर्षांतच ते कायमचे थांबले. कॉर्व्हेटच्या जन्मकथेचा आणि या घटनेचा काळ नेमका एकच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी सोबत ब्रिटिश बनावटीच्या छोट्या, उघड्या टपाच्या क्रीडामोटारी आणल्या. अमेरिकी कंपन्या तेव्हा पलंगाएवढ्या ऐसपैस गाड्या बनविण्यात दंग होत्या. जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांना या नव्या आवडीचा अंदाज आला. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जानेवारी १९५३ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात त्यांची दोन आसनी मोटार मांडली गेली आणि लोकांच्या उड्या पडल्या. अवघ्या पाच महिन्यांत, ३० जून १९५३ रोजी, मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिली कॉर्व्हेट तयार झाली. त्या वर्षी केवळ ३०० मोटारी बनल्या. सर्वच्या सर्व पांढऱ्या, आतून लाल. किंमत ३,४९८ डॉलर, म्हणजे त्या काळच्या पावणेपाच रुपयांच्या डॉलरने सुमारे साडेसोळा हजार रुपये!

‘कॉर्व्हेट’ हे नाव एका प्रकारच्या लहान, चपळ युद्धनौकेचे. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातील मायरन स्कॉट यांनी ते सुचविले. या नावाची मोटार मुंबईच्या नशिबी आली नसली, तरी कॉर्व्हेट जातीच्या युद्धनौका मात्र माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. १९८९ साली नौदलात दाखल झालेली आणि २०२१ साली निवृत्त झालेली ‘आयएनएस खुकरी’ ही त्यांपैकीच एक. मोटारीच्या बोधचिन्हाची कथाही मजेदार आहे. सुरुवातीच्या चिन्हातील दोन झेंड्यांपैकी एक अमेरिकेचा राष्ट्रध्वज होता. परंतु विक्रीच्या वस्तूवर राष्ट्रध्वज वापरता येत नाही हे ध्यानात येताच तो घाईघाईने बदलण्यात आला.

या मोटारीचे खरे वैशिष्ट्य तिच्या अंगात होते. तिचे कवच पोलादी पत्र्याचे नव्हते, ते काचतंतूंचे म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो त्याचे होते. यामागचे कारण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत डाय बनविणारा कोणीही कारागीर चटकन सांगेल. पत्र्याला मोटारीचा आकार द्यायचा तर प्रत्येक भागासाठी पोलादाचा अवजड साचा लागतो. तो घडविण्यास वेळ लागतो, पैसाही प्रचंड लागतो आणि हा खर्च लाखो मोटारींवर विभागला गेला तरच परवडतो. तीनशे मोटारींसाठी एवढा खटाटोप कोण करणार? काचतंतूंचे कापड साध्या साच्यात पसरून त्यावर राळ ओतली की आकार तयार होतो. गणेशोत्सवातील फायबरची मखरे आणि कमानी ज्या तंत्राने बनतात, त्याच जातकुळीचे हे काम. उपाय तात्पुरता म्हणून योजला गेला. कॉर्व्हेटचे बाह्यांग मात्र आजतागायत पोलादी झालेले नाही.

दिसायला देखणी असली तरी पहिली कॉर्व्हेट क्रीडामोटार म्हणून तशी फसवीच होती. सहा सिलिंडरचे, दीडशे अश्वशक्तीचे इंजिन आणि जोडीला दोनच गती असलेला स्वयंचलित गिअर. दारांना बाहेरून मुठी नाहीत, खिडक्यांना काचा नाहीत. १९५४ मध्ये तीन हजार सहाशेवर मोटारी बनल्या आणि त्यांतील बऱ्याचशा विकल्याच गेल्या नाहीत. १९५५ साली उत्पादन ७०० पर्यंत घसरले. त्याच वर्षी फोर्डची ‘थंडरबर्ड’ सोळा हजारांवर विकली गेली. कॉर्व्हेट गुंडाळावी, असे कंपनीत बोलले जाऊ लागले.

तिला वाचविले ते आठ सिलिंडरच्या नव्या इंजिनाने आणि एका परदेशी अभियंत्याने. झोरा आर्कस-डंटोव्ह हे बेल्जियममध्ये जन्मलेले, रशियन ज्यू कुटुंबातील गृहस्थ. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहून ते इतके प्रभावित झाले की, त्यांनी जनरल मोटर्सला पत्र लिहिले आणि मे १९५३ मध्ये तेथेच नोकरी धरली. तरुणांना वेग हवा आहे आणि तो त्यांना फोर्डकडे मिळतो आहे, असे त्यांनी वरिष्ठांना लेखी कळविले. नोकरीला लागून वर्षही न झालेल्या माणसाचे हे धाडसच म्हटले पाहिजे. त्यांच्या देखरेखीखाली कॉर्व्हेट खऱ्या अर्थाने धावू लागली. १९६३ च्या ‘स्टिंग रे’च्या मागील काचेला मधोमध विभागणारी पट्टी होती. तिच्यामुळे मागचे दिसत नाही, अशी डंटोव्ह यांची तक्रार. पुढच्या वर्षी पट्टी गेली आणि आज संग्राहक नेमक्या त्या पट्टीच्याच मोटारीसाठी वेडे होतात. इंजिन चालकाच्या मागे, मोटारीच्या मध्यभागी बसवावे, हा डंटोव्ह यांचा दुसरा हट्ट. तो पुरा झाला २०१९ साली सादर झालेल्या आठव्या पिढीत. डंटोव्ह यांचे निधन १९९६ सालीच झाले होते.

आता पुन्हा शिवडीकडे वळू. फ्लिंटमध्ये पहिली कॉर्व्हेट तयार होत होती, त्याच १९५३ साली भारताच्या टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाविषयीचा अहवाल दिला. केवळ सुटे भाग आणून जोडण्याचे दिवस संपले. ज्यांना येथे राहायचे असेल त्यांनी टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवावेत, असा त्याचा रोख होता. जनरल मोटर्सने हिशेब मांडला. भारतातील गिऱ्हाईक थोडे, त्यांच्यासाठी साचे आणि यंत्रे उभारणे परवडणारे नव्हते. १९५४ साली शिवडीचे काम बंद झाले. फोर्डनेही गाशा गुंडाळला. तीनशे मोटारींसाठी पोलादी साचे परवडत नाहीत म्हणून ज्या कंपनीने अमेरिकेत फायबरची वाट शोधली, तिने मुंबईत मात्र अशी कोणतीही वाट शोधली नाही, असे आज मागे वळून पाहताना जाणवते.

ज्यांनी अट मान्य केली ते टिकले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात ‘क्रायस्लर’ या अमेरिकी कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडून सुरुवात केली होती. पुढे तिने फियाट स्वीकारली आणि भाग येथेच बनविण्याची तयारी केली. तीच फियाट ‘पद्मिनी’ होऊन मुंबईची टॅक्सी बनली. अमेरिकेचीच ‘विलीज’ जीप महिंद्रांनी इतकी आपलीशी केली की, ती मूळची कोठली हे खेडोपाडी कोणाला ठाऊकही नसते. अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ही सरकारी संस्थासुद्धा १९५३ सालचीच. यंत्रे बनविणारी यंत्रे आपल्या देशात घडावीत, हा त्या काळाचा ध्यास होता. त्याची किंमत ग्राहकाने मोजली, हेही खरे. पुढील तीस वर्षे त्याला दोन-तीनच मोटारींतून निवड करावी लागली आणि त्यासाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागले. परदेशी मोटार हवी असेल, तर वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांच्याकडे डोळे लावायचे.

पण समजा, आयातीची दारे उघडी असती, तरी कॉर्व्हेट येथे रुळली असती का? अडचण सुकाणूची होती. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजवीकडून धावतात, त्यामुळे सुकाणू डावीकडे. १९५३ पासून तब्बल सात पिढ्या, म्हणजे साडेसहा दशके, कंपनीने उजव्या सुकाणूची कॉर्व्हेट बनविलीच नाही. शिळफाट्याच्या रांगेत पुढचा कंटेनर ओलांडायचा आहे आणि आपण कठड्याच्या बाजूला बसलो आहोत, अशी कल्पना केली की यातील मेख कळते. समोरून काय येते आहे, हे शेजारी बसणाऱ्यालाच विचारावे लागेल.

उजव्या सुकाणूची पहिली कॉर्व्हेट आली ती आठव्या पिढीत. जपानमध्ये ती २०२१ साली ग्राहकांच्या हाती पडू लागली. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनलाही पोहोचली. डावीकडून वाहने चालणाऱ्या भारताला तेव्हा प्रथमच ही मोटार साजेशी झाली होती. परंतु तोवर शेव्हर्ले दुसऱ्यांदा निघून गेली होती. नव्वदच्या दशकात जनरल मोटर्स ‘ओपेल’ घेऊन गुजरातेत हालोलला परतली, २००३ पासून शेव्हर्ले हे नाव पुन्हा दिसू लागले आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना सुरू झाला. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबविली, काही काळ तळेगावहून केवळ निर्यात केली आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादनही बंद केले. हजाराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे उजव्या सुकाणूची कॉर्व्हेट जपानी ग्राहकांना मिळू लागण्याच्या जेमतेम काही महिने आधी तळेगावची यंत्रे शांत झाली होती.

हौशी धनिकाला आजही ही मोटार खासगीरीत्या आणता येईल. मात्र आयात शुल्कामुळे मूळ किंमत दुपटीच्या घरात जाते, शिवाय दुरुस्तीसाठी कंपनीचे अधिकृत केंद्र नाही. तळेगावच्या कारखान्यासाठी चीनच्या ‘ग्रेट वॉल’ कंपनीशी झालेला व्यवहार सरकारी परवानगीअभावी २०२२ साली बारगळला. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या ‘ह्युंदाई’ने तो विकत घेण्याचा करार केला.