चंद्रग्रहणांची भावकी

२०२८ च्या थर्टीफर्स्टचा प्लॅन आत्ताच ठरवून टाका. त्या रात्री चंद्रग्रहण आहे, तेही खग्रास. रात्री साडेआठनंतर चंद्राला सावली लागायला सुरुवात होईल. पावणेदहाच्या सुमारास तो अख्खा सावलीत जाईल आणि साधारण सव्वा तास तांबूस दिसत राहील. शेवटचा कोपरा मोकळा होईल तो बारा वाजून पाच-सहा मिनिटांनी. म्हणजे इकडे सगळे ‘हॅपी न्यू इयर’ ओरडत असतील आणि वर चंद्र सावलीतून बाहेर पडत असेल.

आपल्या शाहूवाडीकरांना तर हे बघायला कुठं लांब जायला नको. मलकापूर सोडून आंब्याच्या दिशेनं निघालं की दिवे मागं पडतात आणि आभाळ काळंभोर होतं. डिसेंबरात पावसाची कटकटही नसते.

पण हे इतकं आधी, तेही मिनिटांच्या हिशोबात, कसं काय सांगता येतं? उद्या पाऊस येणार का हे सांगताना अजून दमछाक होते आणि ग्रहणाचं मात्र काही वर्षं आधीच ठरलेलं! कारण सोपं आहे. ग्रहणं सुटी सुटी येत नाहीत, त्यांची घराणी असतात. प्रत्येक घराण्याला नंबर असतो, पहिला पुरुष असतो, शेवटचा वंशज असतो. आणि ही सगळी भावकी एका मोठ्या यादीत लिहून ठेवलेली आहे.

आज्जीचं, बाबांचं आणि आपलं

थर्टीफर्स्टचं ग्रहण ज्या घराण्यातलं, त्याचा नंबर १२५. या घराण्याला शास्त्रीय भाषेत ‘सारोस’ म्हणतात. एका सारोसमधली दोन लागोपाठची ग्रहणं १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस आणि सुमारे ८ तासांच्या अंतरानं येतात. दहा की अकरा, हे मध्ये लीप वर्षं किती आली त्यावर ठरतं.

आता १२५ नंबरच्या अलीकडच्या चार पिढ्या बघा. वेळा भारतीय आहेत आणि ग्रहणाच्या मध्याच्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७४, त्रिपुरी पौर्णिमा, रात्री पावणेनऊच्या आसपास. १० डिसेंबर १९९२, दत्तजयंतीची रात्र सरतानाची पहाट, सव्वापाच. २१ डिसेंबर २०१०, दुपारी पावणेदोन. आणि ३१ डिसेंबर २०२८, रात्री साधारण दहा वाजून वीस मिनिटं.

पॅटर्न दिसला? रात्र, पहाट, दुपार, परत रात्र. दर वेळी साधारण आठ तासांची घसरण. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, त्यामुळे पुढची पिढी जगाच्या दुसऱ्याच भागाला दिसते. २०१० चं ग्रहण आपल्याकडे भर दुपारी झालं, चंद्र क्षितिजाखाली होता, म्हणून त्याची आठवणच नाही. पण आठ त्रिक चोवीस! तीन पिढ्या झाल्या की फेरी पूर्ण होते आणि ग्रहण पुन्हा आपल्या रात्रीच्या आभाळात येतं. हा काळ साधारण ५४ वर्षं आणि वर महिनाभर.

म्हणजे आज्जी-आजोबांनी १९७४ मध्ये अंगणातून जे ग्रहण पाहिलं असेल, त्याचंच पणतू ग्रहण आपण २०२८ मध्ये बघणार. घरी विचारून बघा. तारीख कुणाला आठवणार नाही, पण ‘त्रिपुरीच्या रात्री लागलेलं गिराण’ असं विचारलं तर कदाचित काहीतरी निघेल. आणि त्याच्या पुढची फेरी? फेब्रुवारी २०८३. तेव्हा आज कॉलेजात असलेले आपण सगळे पंचाहत्तरी ओलांडलेले असू.

तीन एसट्या एकदम

पौर्णिमा दर महिन्याला येते, मग ग्रहण दर महिन्याला का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षा जिथं एकमेकींना छेदतात, त्या दोन बिंदूंपैकी एकाजवळ चंद्र असताना पौर्णिमा आली, तरच ग्रहण.

आता समजा, मलकापूर स्टँडवरून सकाळी आठला तीन एसट्या एकदम सुटल्या. एका मार्गावर दर २० मिनिटांनी गाडी आहे, दुसऱ्यावर दर ३० आणि तिसऱ्यावर दर ४५ मिनिटांनी. तिन्ही मार्गांच्या गाड्या पुन्हा एकदम कधी सुटतील? अकरा वाजता. दहावीतला लसावि!

चंद्राच्याही अशा तीन ‘गाड्या’ आहेत. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस. छेदनबिंदूपासून निघून पुन्हा त्याच छेदनबिंदूपाशी यायला २७.२१ दिवस. आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या जागेपासून पुन्हा तिथंच यायला २७.५५ दिवस. पहिल्या गाडीच्या २२३ फेऱ्या, दुसरीच्या २४२ आणि तिसरीच्या २३९ फेऱ्या झाल्या की तिन्हींचा हिशोब जवळपास ६,५८५ दिवस आणि आठ-बारा तासांवर येऊन जुळतो. चंद्र, सूर्य, पृथ्वी पुन्हा जवळजवळ त्याच मांडणीत, आणि ग्रहणही जवळजवळ तसंच.

‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा. हिशोब अगदी तंतोतंत जुळला असता तर घराणं कधी संपलंच नसतं. पण दर पिढीला थोडा फरक राहतो आणि चंद्र सावलीतून किंचित सरकत जातो. म्हणून प्रत्येक घराणं सावलीच्या एका कडेला, डोळ्यांना जाणवणारही नाही अशा फिक्या ग्रहणानं जन्मतं. मग खंडग्रास होत होत मध्यात खग्रास होतं आणि दुसऱ्या कडेनं पुन्हा फिकं होत विरून जातं. १२५ नंबरचा जन्म जुलै ११६३ मध्ये झाला, तो सप्टेंबर २४४३ मध्ये संपेल. एकूण ७२ ग्रहणं, त्यातलं आपलं थर्टीफर्स्टचं ४९ वं.

यादी कुणी केली?

अठरा वर्षांचं हे चक्र बॅबिलोनियातल्या लोकांनी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पकडलं होतं. मातीच्या पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या नोंदी करत गेल्यामुळेच त्यांना ते दिसलं. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रावरही ग्रहणांसाठी २२३ महिन्यांची तबकडी आहे. ‘सारोस’ हे नाव मात्र बरंच नंतर, १७ व्या शतकाच्या शेवटी, एडमंड हॅलीनं चिकटवलं. हो, धूमकेतूवालाच हॅली.

व्हिएन्नाचा थिओडोर फॉन ओपोल्झर या माणसानं तर कमालच केली. कॉम्प्युटर नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता. मदतनीसांना हाताशी धरून त्यानं ८,००० सूर्यग्रहणं आणि ५,२०० चंद्रग्रहणं हातानं गणित करून काढली. १८८७ मध्ये त्याचा ग्रंथ छापून आला. पुढं १९५५ मध्ये व्हॅन डेन बर्ग या डच अभ्यासकानं त्या यादीतली ग्रहणं घराण्यांनुसार लावली. आपण आज वापरतो ते सारोसचे नंबर त्याचेच.

सध्याची मोठी यादी फ्रेड एस्पेनॅक आणि जाँ मीयस यांची. नासानं ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. इ.स.पू. २००० ते इ.स. ३००० अशी पाच हजार वर्षं आणि त्यातली १२,०६४ चंद्रग्रहणं! त्यात छायाकल्प ४,३७८, खंडग्रास ४,२०७ आणि खग्रास ३,४७९. भागाकार करून बघा, अठरा वर्षांत सरासरी ४३-४४ चंद्रग्रहणं येतात. म्हणजे एका वेळी साधारण तेवढीच घराणी नांदत असतात.

राहू म्हणजे नक्की कोण?

आपल्याकडं रस्ता थोडा वेगळा होता. ग्रहण सावलीमुळं होतं, हे आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारासच लिहून ठेवलं. आपल्या गणितज्ञांनी चक्रं मोजण्यापेक्षा प्रत्येक ग्रहण स्वतंत्रपणे काढण्यावर भर दिला. त्यासाठी तीन गोष्टी लागायच्या, सूर्य कुठं आहे, चंद्र कुठं आहे आणि राहू कुठं आहे. गणितातला राहू म्हणजे राक्षस नव्हे. वर सांगितलेल्या दोन छेदनबिंदूंपैकी एक राहू, दुसरा केतू.

यातलं मोठं नाव आपल्या कोकणातलं आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यानं किचकट त्रिकोणमिती टाळून आकडेमोड सोपी केली आणि ११ वर्षांचं म्हणजे ४,०१६ दिवसांचं चक्र धरून मोठे आकडे आटोक्यात आणले. पुढं कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर बनत होती. परंपरेनं सांगितलं जाणारं त्याचं जन्मसाल, १५०७, खरं धरलं तर तेव्हा त्याचं वय होतं १३!

दे दान सुटे गिराण

ही यादी फक्त पुढचं सांगायला उपयोगी पडते असं वाटत असेल तर थांबा. तिचा एक भारी उपयोग कोल्हापुरातच झालाय.

ग्रहणात दान द्यायची रीत जुनी. ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी घरातल्या मोठ्यांनी ऐकलेली असते. राजेही ग्रहण बघून जमिनी दान द्यायचे आणि ते दगडावर कोरून ठेवायचे. शिलाहार राजा विजयादित्याचा कोल्हापुरातला एक शिलालेख असाच आहे. शक १०६५, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण. कागल भागातल्या बामणीच्या लेखात शक १०७३, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण. दोन्ही दानं जैन मंदिरांसाठी.

पण आपल्या कॅलेंडरात हे दिवस कोणते? बामणीच्या १०७३ मध्ये नेहमीसारखे ७८ मिळवले तर ११५१ येतं. गडबड इथंच होते, कारण काही लेखांत सरलेलं शकवर्ष धरतात, काहींत चालू. निकाल लावतं ते ग्रहण. भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार आणि चंद्रग्रहण हे तिन्ही एकत्र जुळतात ते ८ सप्टेंबर ११५० ला. आणि पहिला लेख १ फेब्रुवारी ११४३ चा, सोमवार बरोबर. हे दोन्ही लेख संपादित करणारे फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन विद्वान कधीकाळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे.

थोडक्यात, दगडावर ‘चंद्रग्रहण’ हा एक शब्द कोरला नसता तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली एक तारीख वर्षभर इकडंतिकडं झाली असती. आणि गंमत म्हणजे पहिल्या दानानंतर वीसच वर्षांनी, शिलाहारांचीच सत्ता असताना, आपल्या १२५ नंबरच्या घराण्यातलं पहिलं फिकं ग्रहण लागलं. बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

यादीत नसतं ते

यादी वेळ सांगते, रंग सांगत नाही. ग्रहणातला चंद्र लाल दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला तांबडा प्रकाश त्याच्यावर पडतो. वातावरण जसं, तसा रंग. १९९२ मधलं ग्रहण विलक्षण काळपट दिसलं होतं, कारण आदल्या वर्षी फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं वर फेकलेले कण अजून हवेत होते. २०२८ चा चंद्र विटेच्या रंगाचा असेल की कोळशासारखा, हे त्या रात्रीच कळेल.

यादीत अजून एक गोष्ट नसते, ती म्हणजे भीती. आपल्याकडं ग्रहण म्हटलं की घरातल्या गरोदर वहिनीला एका जागी बसवतात. भाजी चिरायची नाही, खायचं नाही, हलायचं नाही. परंपरेनुसार चंद्रग्रहणाचे वेधच नऊ तास आधी लागतात, म्हणजे दिवसभर उपाशी बसण्याची वेळ. बाळाच्या काळजीपोटीच हे सांगितलं जातं, कबूल. पण चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी आणि तहानलेलं राहण्याचा त्रास मात्र आईला नक्की होतो. अंनिसचे कार्यकर्ते गावोगावी हे किती वर्षं सांगत आलेत. ज्या पंचांगात वेध छापलेले असतात, त्याच पंचांगात ग्रहणाची मिनिटासकट वेळही गणितानं काढलेली असते. ज्या गोष्टीचा वंशवृक्ष तेराशे वर्षांचा आपल्या हातात आहे, तिला घाबरून दार कशाला लावायचं?

त्यापेक्षा वहिनीलाही अंगणात खुर्ची टाकून द्या. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काही धोका नाही, चष्मा लागत नाही, दुर्बीण असली तर बोनस.

सेव्ह करून ठेवा

६ जुलै २०२८ : खंडग्रास. मध्य रात्री बाराच्या जरा आधी. आपल्याकडं ऐन पावसाळा, त्यामुळे ढगांच्या कृपेवर.

३१ डिसेंबर २०२८ : खग्रास, सारोस १२५. पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण सावलीत.

२१ डिसेंबर २०२९ : खग्रास, सारोस १३५. पहाटे चारच्या सुमारास. थंडीत उठायची तयारी ठेवा.

बघताना एक काम करा. फोटो तर काढालच, पण वहीत दोन ओळी लिहा. गाव, वेळ, चंद्राचा रंग, ढग होते का आणि सोबत कोण होतं. २०८३ च्या फेब्रुवारीत हेच घराणं परत येईल, तेव्हा कुणीतरी विचारेल, ‘आज्जी, मागच्या वेळी कसं दिसलं होतं गं?’