पावसाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला कोणते पक्षी दिसतात? विसर्ग वाढला की घरट्यांचे काय होते?

पक्षी पाहायचे तर नांदूरमध्यमेश्वरला डिसेंबरमध्ये जा, असा सल्ला सगळेच देतात. परदेशी बदकांसाठी तो बरोबर आहे. पण बारा महिने इथेच राहणाऱ्या पाणपक्ष्यांची खरी लगबग पावसाळ्यात असते.

ही जागा तयार कशी झाली?
निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती तयार झाल्या. १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

पावसाळी सकाळी काय दिसते?
लांब शेपटीचा कमळपक्षी. ही शेपटी फक्त विणीच्या काळात असते, हिवाळ्यात ती दिसत नाही. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे नराचे काम. टिबुकली घरट्यातून उठताना अंड्यांवर पाणवनस्पती पांघरते. काठच्या झाडांवर पिवळेधमक सुगरण नर खोपे विणतात. आफ्रिकेतून आलेला चातकही याच दिवसांत दिसू शकतो.

पाणी वाढले तर?
कमळपक्षी आणि टिबुकलीची घरटी पाणवनस्पतींवर तरंगती असतात. पाणी हळूहळू चढले तर घरटेही वर येते. धोका असतो तो वेगाचा. गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेले पाणी इथूनच जायकवाडीकडे जाते. १० हजार क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी! अशा प्रवाहात पाणवनस्पतींसह घरटे वाहून जाऊ शकते. पूर वेळेत ओसरला तर काही जोड्या पुन्हा घरटे बांधतात.

जाताना काय लक्षात ठेवाल?
- निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहा. विसर्ग सुरू असेल तर काठावर उतरू नका.
- पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास सोडू नका. पंख वाळवायला, खायला पक्षी तेव्हा उघड्यावर येतात.
- मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आवाज ऐकून नर घरटे सोडून बाहेर येतो आणि अंडी उघडी पडतात.
- फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका. दुर्बीण पुरेशी आहे.